चिकूच्या झाडाला सांगितलेली माणसं

रोज सकाळी कोंबड्यांना दाणे टाकून झाले, की दोन्या आमादा वाळक्या भोपळ्याच्या वाटीत साका ओतून घ्यायच्या आणि परसामागच्या पायवाटेने चिकूच्या म्हाताऱ्या झाडापाशी जायच्या. साका म्हणजे मक्याचं पांढुरकं, पातळ पाणी. त्यात ना मीठ, ना साखर. वाटी बुंध्याशी ठेवायची, ओले हात हिपिलच्या, म्हणजे अंगातल्या पायघोळ झग्याच्या, पांढऱ्या घेराला पुसायचे आणि समोरच्या रानाकडे तोंड करून, कुंपणापलीकडच्या शेजारणीशी बोलावं तशा आवाजात सांगायचं:

"आज बारा जण. आठ पुएब्लाचे, चार कॅनडाचे. कॅनडाच्यांतली एक बाई काठी टेकत चालते, तिला सांभाळून घ्या. जेवायच्या वेळेआत सगळे परत जातील."

झालं. डोळे मिटणं नाही, पुटपुटणं नाही. दुपारी माणसं परत गेली की त्या पुन्हा यायच्या. "बारा आले होते, बारा गेले," एवढंच सांगायच्या, मुंग्यांनी पिऊन उरलेला साका मुळाशी ओतायच्या आणि वाटी घासायला घेऊन जायच्या.

असं सांगण्यात मेक्सिकोतल्या त्या चुनया गावात काही नवल नव्हतं. शेतासाठी रान तोडायच्या आधी, मधाची पोळी उतरवायच्या आधी रान राखणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या धन्यांच्या कानावर घालायचं असतं, हे तिथलं शेंबडं पोरसुद्धा जाणत होतं. पण नोहतूनचे प्राचीन माया लोकांचे पडके मनोरे बघायला बसमधून उतरणाऱ्या माणसांची वर्दी देण्याचं दोन्या आमादांच्या आधी कुणाला सुचलं नव्हतं. गावातले बाकीचे गाईड त्यांना मानाने दोन्या, म्हणजे बाई, म्हणायचे, तरी हसायचे. म्हणायचे, "फाटकावर त्यांचं तिकीट फाडतात ना, दोन्या? तेवढी वर्दी पुरे आहे."

त्यांची सून नेल्मी लग्न होऊन चुनयात आली तेव्हा तिलाही तसंच वाटलं होतं. ती वायादोलिद शहरात दोन वर्षं पर्यटन शिकली होती. तिच्या गळ्यात फोटोचा सरकारी बिल्ला होता. सासू रोज पहाटे वाटी घेऊन जाते हे तिने पहिला आठवडाभर पाहिलं आणि मग न राहवून विचारलं, "आई, धन्यांना आकडा कशाला लागतो?"

"तुझ्या माहेरी पाहुणे येतात तेव्हा किती येणार ते विचारत नाहीत?"

"विचारतात. भाकरी तेवढ्या करायच्या असतात."

"मग."

"आणि माया भाषेतच का सांगता? त्यांना स्पॅनिश येत नाही?"

"कधी विचारलं नाही बाई. तू विचार. शिकलेली आहेस."

त्या चिकूच्या बुंध्यावर तिरक्या खाचा होत्या, वरून खाली एकमेकींत उतरत आलेल्या. आमादांचे वडील चिकूचा चीक काढायला पावसाळाभर रानात राहायचे. तो चीक उकळून त्याच्या विटा पाडायचे, त्या उत्तरेला जायच्या आणि तिकडची माणसं त्या च्युइंगम म्हणून चघळायची. वडिलांच्या कोयत्याच्या त्या खाचा आता सालीने भरत आल्या होत्या. वाटी ठेवताना आमादांचा हात सवयीने सगळ्यात खालच्या खाचेवर टेकायचा, उठताना आधाराला. नेल्मीने त्याबद्दल कधी काही विचारलं नाही.

बाकीचं तिला हळूहळू कळत गेलं, काही सासूकडून, बरंचसं गावाकडून. सव्विसाव्या वर्षी आमादा विधवा झाल्या तेव्हा मुलगा विल्बेर दोन वर्षांचा होता. त्याच साली नोहतूनला उत्खननाचा तळ पडला आणि तिथल्या चुलीवर त्यांना काम मिळालं. अकरा हंगाम त्यांनी त्या तळावर काळा राजमा शिजवला. दुपारी हंडा कमरेवर घेऊन त्या खणणाऱ्यांपाशी जायच्या आणि जेवणं उरकेपर्यंत तिथेच बसून राहायच्या. कुठला दगड कुठल्या मातीतून निघाला, कुणाच्या हातून फुटला, कुणी तो परत बसवला, हे सगळं त्यांनी अकरा वर्षं जेवण वाढता वाढता पाहिलं. मग एका रविवारी शहरातला गाईड आलाच नाही. ख्रिस्ती जोगिणींचा एक गट भर उन्हात फाटकाशी ताटकळत होता. आमादा रिकामा हंडा घेऊन घरी निघाल्या होत्या. त्यांनी हंडा फाटकाशी ठेवला आणि म्हणाल्या, "चला, मी दाखवते."

तीन तासांनी गट बाहेर आला. वयस्क मदर सुपीरियरने त्यांना विचारलं, "तुमचं शिक्षण काय झालंय?"

"राजमा शिजवणं," आमादा म्हणाल्या.

त्यानंतर तीस वर्षं त्या माणसं घेऊन आत जात होत्या. त्यांच्या सांगण्यात राजे कमी असायचे आणि चुना जास्त. मोठ्या चौकाशी आल्या की वहाणेच्या टाचेने जमीन ठोकायच्या. "ही फरशी चुन्याची. चुना दगड भाजून होतो, दगड भाजायला लाकूड लागतं. माझा आजा तसाच भाजायचा, गोल रचून. आता सांगा, एवढ्या चौकाला किती झाडं गेली असतील?" माणसं अंदाज करायची. कुणी वीस म्हणायचं, कुणी शंभर. आमादा आकडा सांगायच्याच नाहीत. समोर क्षितिजापर्यंतचं रान दाखवायच्या आणि म्हणायच्या, "हे सगळं नंतर पुन्हा उगवलंय." नेल्मीने पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा तिच्या वर्गातली चुन्यावरची बारा पानं तिला आठवली आणि ती बारा पानं लिहिणाऱ्याने कधी चुन्याची भट्टी पाहिली असेल का, असा प्रश्न पडला.

कुणीतरी हमखास विचारायचं, "हे लोक मग गेले कुठे?"

"कुठे म्हणजे? माझा मुलगा कानकूनला गेलाय, हॉटेलात फरशा बसवायला. शनिवारी येईल."

ज्या वर्षी दोन्या आमादांना सदुसष्टावं लागलं, त्या वर्षी जानेवारीत मेरिदाच्या सरकारी कचेरीतून कागद आला. बिल्ल्याशिवाय यापुढे कुणालाही गट आत नेता येणार नाही. ज्यांनी शिक्षण घेतलेलं नाही त्यांच्यासाठी एक परीक्षा होती. परीक्षक गटाबरोबर फिरतील आणि गुण देतील. शंभरात सत्तर मिळाले तर बिल्ला, नाहीतर पुन्हा बसता येणार नाही.

नेल्मीने कागद वाचून दाखवला. सासूने तो घडी करून मिठाच्या बरणीखाली ठेवला. त्या दिवशी त्यांनी मिरच्या दोनदा भाजल्या, दुसऱ्यांदा पार कोळसा होईपर्यंत. घरभर ठसका उठला. सुट्टीला घरी आलेला विल्बेर खोकत बाहेर पळाला. नेल्मी आत गेली तर आमादा धुरात तशाच उभ्या होत्या.

"आई, मी शिकवते तुम्हाला," ती म्हणाली. "सालं तेवढी पाठ करायची. बाकी तुम्हालाच सगळ्यांपेक्षा जास्त येतं."

महिनाभर स्वयंपाकघरात शाळा भरली. आमादा भाकरी थापायच्या, नेल्मी समोर वही घेऊन.

"सहाशे ब्याण्णव. काय झालं?"

"काय झालं?"

"राजा गादीवर बसला, आई."

"बसला असेल. गादी मोकळी कोण ठेवतंय?"

"आई!"

"अगं, सहाशे ब्याण्णव म्हणजे कुठल्या बाजूने मोजायचं तेच मला कळत नाही. त्याने स्वतः काय आकडा कोरलाय ते त्या खांबावर आहे. तो मी बोटाने दाखवते. तू त्याचा हा दुसराच आकडा करतेस."

"परीक्षेत माझाच चालतो."

"मग सांग पुन्हा."

परीक्षेच्या दिवशीचा गट वेराक्रूसच्या निवृत्त शिक्षकांचा होता. एकूण सतरा. पहाटे आमादांनी चिकूपाशी वर्दी दिली. नेल्मी त्या दिवशी मुद्दाम त्यांच्याबरोबर गेली होती, वेळ लागू नये म्हणून.

"आज अठरा. सतरा वेराक्रूसचे मास्तर आणि मास्तरणी. एक मेरिदाहून येतायत. त्या बाई मला बघायला येतायत, दगड बघायला नाही. तरी येऊ द्या त्यांना."

नऊला सगळे फाटकाशी जमले. परीक्षक ओल्वेरा बाई चाळिशीच्या, नीटस, हातात पुठ्ठ्याला लावलेला कागद. त्यावर रकाने होते. पहिलाच रकाना वेळेचा होता आणि तो नेल्मीने खांद्यावरून वाकून वाचला होता. गटाचे म्होरके अबुंदिओ मास्तर. चाळीस वर्षं गणित शिकवलेले, गळ्यात अजून शिट्टी. त्यांनी शिट्टी फुंकली, यादी वाचली, सतरा जणांनी "हजर" म्हटलं. दोन्या आमादांनी हॅट चढवली आणि पाऊल उचललं.

तेवढ्यात बसचा ड्रायव्हर मागून आला. ढेरपोट्या, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. हातात तिकीट.

"मीही येतो. चार दिवस झाले, तुम्ही देवळं बघताय आणि मी स्टिअरिंग बघतोय."

"यादीत तुझं नाव नाही, रोमुलो," मास्तर म्हणाले.

"तुमच्या यादीत मी कधीच नव्हतो, मास्तर. तिसरीतच शाळा सोडली."

सगळे हसले. आमादा हसल्या नाहीत. उचललेलं पाऊल त्यांनी मागे घेतलं.

"रोमुलो ना? तुम्हीही वेराक्रूसचे?"

"हो, दोन्या."

"तब्येत कशी आहे?"

"साखर आहे थोडी. बायकोला सांगू नका, ती जेवणातलं सगळं चांगलं काढून टाकते."

"पाच मिनिटांत येते," आमादा म्हणाल्या आणि वळून, आल्या वाटेने गावाकडे चालू लागल्या.

त्या कुठे निघाल्या ते नेल्मीने ओळखलं. चिकूचं झाड पाच मिनिटांवर नव्हतं, जायलाच दहा मिनिटं लागायची. ओल्वेरा बाईंनी घड्याळ पाहिलं. मास्तरणींनी छत्र्या उघडल्या. कुणीतरी विचारलं, बाईंचं काही राहिलं का घरी? ओल्वेरा बाई नेल्मीकडे वळल्या.

"कुठे गेल्या त्या?"

"शौचाला," नेल्मी म्हणाली. तोंडातून निघूनच गेलं. "सकाळपासून पोट बिघडलंय त्यांचं. परीक्षेचा धसका."

"अरेरे," ओल्वेरा बाई म्हणाल्या. त्यांनी पेन खाली केलं. "माझ्या आईचंही असंच होतं. येऊ द्या सावकाश. आजारपणाचे गुण मी कापत नाही."

नेल्मीला इतकं हलकं वाटलं की तिने मास्तरणींना बसायला सावलीतला कट्टा दाखवला आणि दोघींना पाणीही दिलं.

बावीस मिनिटांनी आमादा आल्या, घामाघूम, पण चालीत घाई नाही. ओल्वेरा बाई पुढे झाल्या. "बरं वाटतंय ना आता?"

"मला काय झालंय?"

"तुमच्या सूनबाई म्हणाल्या, पोट…"

आमादांनी नेल्मीकडे पाहिलं. नेल्मीने डोळ्यांनी विनवलं. नुसती मान हलवा, आई. एवढंच.

"नाही मुली," आमादा ओल्वेरा बाईंना म्हणाल्या. "पोट ठणठणीत आहे. मी धन्यांना अठरा सांगितले होते आणि निघाले एकोणीस. एक सांगायला गेले होते. न सांगता माणूस आत न्यायचा नाही, अशी माझी पद्धत आहे."

पेन वर आलं आणि पहिल्या रकान्यात काहीतरी लिहिलं गेलं.

"एकच तर वाढला, दोन्या!" अबुंदिओ मास्तर म्हणाले. "एवढं गणितातसुद्धा सोडून देतात."

"म्हणून तर तुम्ही निवृत्त झालात," मागून एक मास्तरीण म्हणाली आणि गट हसत आत शिरला.

त्या दिवशी आमादा नेहमीसारख्याच बोलल्या. नेल्मी शेवटच्या माणसामागे चालत होती आणि ऐकता ऐकता परीक्षा विसरत होती. चौकात टाच ठोकून झाली. रानाकडे हात झाला. एका पडक्या घराच्या जोत्याशी आमादा वाकल्या आणि झिजून खोलगट झालेल्या पाट्याच्या दगडावरून त्यांनी तळवा फिरवला. "इथे मका वाटणारी बाई डावरी होती. बघा, खड्डा कुठल्या अंगाला खोल आहे." सतरा शिक्षक एकामागून एक वाकून आपापला तळवा त्या खळग्यात ठेवून बघू लागले. मोठ्या जिन्याशी त्यांनी सगळ्यांना थांबवलं.

"तिसऱ्या पायरीवरचा डावीकडचा दगड. दिसला? तो उलटा आहे. हा आमच्या गावच्या एलादिओ पूत नावाच्या गवंड्याने बसवला, माझ्या डोळ्यांदेखत. मी तेव्हाच म्हटलं, एलादिओ, याचं तोंड आत गेलंय. तो म्हणाला, तू राजमा बघ. उत्खननाचे साहेबही हसले. चार वर्षांनी दुसरे साहेब आले, त्यांनी फूटपट्टी लावली आणि म्हणाले, अरे, हा तर उलटा! पण तो काढायचा तर सगळा जिना उतरवायला लागतो. म्हणाले, राहू दे. एलादिओ वारला. दगड आहे."

"आणि हा जिना मुळात बांधला कधी?" ओल्वेरा बाईंनी विचारलं. "कुठल्या राजाच्या कारकिर्दीत?"

आमादांनी जिन्याकडे पाहिलं. मग आकाशाकडे. गटाच्या मागे उभी राहून नेल्मी ओठांनी सहाशे ब्याण्णव, सहाशे ब्याण्णव असं करत होती.

"ती बघा," आमादा म्हणाल्या, "माझी सून मागे माशासारखं तोंड करतेय. तिला येतं. सांग गं, मोठ्याने सांग सगळ्यांना."

सगळ्यांच्या माना वळल्या. नेल्मीने मान खाली घालून साल सांगितलं.

साडेबाराला गट परत फाटकाशी आला. अबुंदिओ मास्तरांनी शिट्टी फुंकली आणि यादी काढली. सतरा जण "हजर" म्हणाले. "पूर्ण!" मास्तर म्हणाले. "चला, पोटात कावळे ओरडतायत."

आमादा फाटकाच्या खांबाशी उभ्या होत्या. त्या डोकी मोजत नसत. निळी छत्री, गुडघ्याला पट्टा, शिट्टी, हसरी मास्तरीण, असं एकेक माणूस डोळ्यांपुढून नेत. बाहेर पडणाऱ्या शेवटच्या माणसापुढे त्यांनी हात आडवा धरला.

"एकोणीस आत गेले होते. अठरा आलेत."

"सतरा, दोन्या. सतराच आहोत आम्ही."

"सतरा तुम्ही, एक या बाई. रोमुलो कुठे आहे?"

"तो गेला असेल कधीच गाडीत. थंड हवा लावून घोरत असेल."

आमादांनी रस्त्यापलीकडच्या बसकडे पाहिलं. बसच्या काचा बंद होत्या, इंजिन बंद होतं. "चेंडूच्या खेळाच्या जुन्या पटांगणाशी तो बूट काढून बसला होता," त्या म्हणाल्या. "म्हणाला, येतोच. पाण्याची बाटली उलटी करून बघत होता." आणि त्या चालायला लागल्या. सदुसष्ट वर्षांची बाई भर दुपारी, दगडांमधून, मागे न बघता. नेल्मीला त्यांना गाठायला धावावं लागलं. मागून ओल्वेरा बाई येत होत्या, त्यांच्या सँडलचा पट्टा तुटला होता.

पटांगणाच्या भिंतीमागे, सावलीच्या अरुंद पट्टीत रोमुलो सापडला. पाठ दगडाला टेकलेली, चेहरा राखाडी, अंग घामाने निथळलेलं. हाक मारली तर त्याने डोळे उघडले आणि भलतंच काहीतरी बोलला, जड जिभेने. आमादांनी त्याचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं आणि हॅटने वारा घालू लागल्या. पुढचं नेल्मीला येत होतं. ते वायादोलिदच्या वर्गात शिकवलं होतं.

"सकाळी गोळी घेतली का, काका? आणि जेवलात?"

"गोळी… घेतली. गाडी धुवायची होती…"

"साखर उतरलीय, आई." तिच्या पिशवीत चिंचेचं गोड सरबत होतं. तिने ते घोट घोट पाजलं, मध्ये थांबत, तो नीट गिळतोय ना ते बघत. पंधरा मिनिटांनी त्याच्या गालांवर रंग आला. त्याने भोवतीच्या तीन बायकांकडे आळीपाळीने पाहिलं.

"बायकोला सांगू नका," तो म्हणाला.

दुपारी त्याला गावातल्या दवाखान्यात दाखवून आणल्यावर ओल्वेरा बाई आमादांच्या स्वयंपाकघरात बसल्या होत्या. पुढ्यात अंड्याच्या सारणाच्या, भोपळ्याच्या बियांच्या रश्शात बुडवलेल्या भाकरी. त्या खात नव्हत्या. कागद ताटाशेजारी होता.

"चौसष्ट होतात," त्या म्हणाल्या. "तीनदा बेरीज केली. वेळेला शून्य, सालांना शून्य. माणसं मोजण्याचा रकानाच नाहीये यात." त्यांनी पेनचं टोपण काढलं, लावलं. "दोन्या, सुरुवातीला तुम्ही आजारी होतात असं मी धरलं होतं. अजूनही धरू शकते. मग वेळेचे सहा गुण मिळतात."

नेल्मीने मनात बेरीज केली. सत्तर. बरोबर सत्तर.

"पण मी आजारी नव्हते," आमादा म्हणाल्या.

"हो, पण…"

"मुली, तू जेव. थंड झालं की रस्सा जाड होतो."

ओल्वेरा बाई निघून गेल्यावर नेल्मी भांडली. लग्नानंतर पहिल्यांदाच. "सहा गुण, आई! त्या देत होत्या! एक माणूस वाचवलात तुम्ही आणि एक खोटं चाललं नाही तुम्हाला?"

"वाचवलास तू. मी नुसता शोधला." त्या ताट घासत होत्या. "सालं मला येत नाहीत, हे खरं ना?"

"खरं."

"मला उशीर झाला, हेही खरं ना?"

नेल्मीने हाताने डोळे पुसले.

"मग रडतेस कशाला? आणि चारचौघांत सासूला शौचाला पाठवतेस, त्याचं मी काही बोलले का?"

नेल्मीला रडता रडता हसू फुटलं. आमादांनी ताट उपडं ठेवलं आणि त्या भोपळ्याची वाटी घ्यायला चिकूकडे गेल्या. नेल्मी परसात उभी होती, तिला ऐकू आलं. "एकोणीस आले होते, एकोणीस गेले. एकाला जरा उशीर झाला." आमादा खाचेवर हात टेकून तशाच बसून राहिल्या होत्या. तीस वर्षांनंतर उद्या त्यांना आत जायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नेल्मीचा गट होता. ती हॅट शोधत असताना आमादा चुलीजवळून म्हणाल्या, "किती?"

"काय किती?"

"माणसं. मी काय सांगू तिकडे?"

तेव्हापासून तसंच ठरलं. गट नेल्मी न्यायची, वर्दी आमादा द्यायच्या. फाटकावर एखादा माणूस वाढला किंवा गळाला, तर नेल्मी घरी फोन करायची आणि आमादा चिकूपाशी जाऊन परत येईपर्यंत गट सावलीत थांबवून ठेवायची. थांबायचं कारण ती गटाला खरं सांगायची. बहुतेकांना ते आवडायचं. काही घड्याळ बघायचे, त्यांना बघू द्यायची. मग हळूहळू, कुणी ठरवल्याशिवाय, बाकीचे गाईडही सकाळी आमादांच्या दारावरून जाताना सायकल थोडी सावकाश करू लागले. "दोन्या, माझे नऊ!" "दोन्या, माझे तेवीस, दोन तान्ही धरून!" आमादा भाकरी थापता थापता मान हलवायच्या. एकदाही त्यांनी कुणाचा आकडा कागदावर लिहिला नाही आणि एकदाही तो चुकला नाही.

दर डिसेंबरात वेराक्रूसहून, रोमुलोच्या घरून, कॉफीचं पुडकं यायचं. पहिल्या पुडक्यातल्या चिठ्ठीचं अक्षर बाईचं होतं. "त्यांनी मला काही सांगितलं नाही. अबुंदिओ मास्तरांनी सांगितलं."

नेल्मीच्या सांगण्यात आता चुना आला होता, डावरी बाई आली होती. तिसऱ्या पायरीशी ती आधी सहाशे ब्याण्णव म्हणायची आणि मग एलादिओ पूतचं नाव घ्यायची.

अशी सात वर्षं गेली. आठव्या वर्षी मे महिन्यात आमादांच्या पायांवर सूज चढली आणि पायवाट त्यांना झेपेनाशी झाली. त्या दिवसभर जाळीच्या झोक्यात पडून असायच्या. वाटी घेऊन नेल्मी जायची. पहिल्या दिवशी ती हळूच, पुटपुटल्यासारखं बोलली. परत आल्यावर आमादांनी विचारलं, "काय म्हटलंस?" नेल्मीने शब्दन् शब्द सांगितला. "पुढच्या वेळी जरा मोठ्याने," आमादा म्हणाल्या. "तिकडे पक्षी फार असतात."

त्या गेल्या तो मंगळवार होता. सकाळी अकराच्या सुमाराला, झोक्यात, शेजारीण जवळच मिरच्या निवडत बसली असताना. नेल्मी तेव्हा जिन्यापाशी उभी राहून गटाला उलटा दगड दाखवत होती. संध्याकाळी सगळं गाव अंगणात जमलं तेव्हा ती गर्दीतून उठली, परसामागच्या पायवाटेने गेली आणि दुपारचं राहिलेलं सांगून आली. किती आले होते आणि किती गेले, ते.

शेजारणीने नंतर कितीदा तरी सांगितलं की शेवटी त्या काहीच बोलल्या नाहीत, डोळा लागल्यासारख्या गेल्या. म्हणजे त्यांचं शेवटचं बोलणं ते सकाळचंच. नेल्मी हॅट घालून, वाटी हातात धरून दाराशी उभी होती. आमादांनी झोक्यातून मान थोडी उचलली होती.

"किती आज?"

"चौदा. सगळे मेक्सिको सिटीचे. एक पोटुशी आहे."

"तिला सावलीसावलीने ने."

"नेते."

नेल्मी उंबऱ्याबाहेर पडली आणि मागून हाक आली.

"आणि ड्रायव्हर? तो आत येतोय की गाडीतच बसतोय, ते आधी विचारून घे."